बाणावर काय लिहायचं?

हसायचंच असेल तर आधी चहा संपवा, नाहीतर ठसका लागेल. मी कॉलेजात भूगोल शिकवतो, आणि यंदा मला नोकरीत कायम करायचं की नाही, ते ठरणार होतं.

अशात प्राचार्यांनी मला शिर्डीला प्रशिक्षणाला पाठवलं. मुलांकडून कन्सेप्ट मॅप काढून घ्यायचे आणि त्यांना किती समजलं ते त्यावरून तपासायचं, असा विषय. सकाळीच कळलं, चौकटीत कल्पना लिहायच्या आणि बाणांनी जोडायच्या. आता याउपर शिकण्यासारखं काय उरलं? दुपारी मी दर्शनाच्या रांगेत. शिर्डीला जाऊन तसाच परत आलेला माणूस तुम्ही पाहिलाय का कधी?

दुसऱ्या दिवशी वर्गात पेढे वाटले, दुपारच्या रांगेतल्या गमती रंगवून सांगितल्या आणि परीक्षा जाहीर केली. विषय, आपल्या तालुक्यातलं पाणी. जितके बाण जास्त, तितके मार्क जास्त.

पोरांनी काय बाण सोडले म्हणता! एकाचा बाण पावसातून निघाला तो थेट सुप्याच्या एमआयडीसीत घुसला. का, ते त्यालाही माहीत नव्हतं. मी दहापैकी दहा दिले.

सोनालीने मात्र प्रत्येक बाणावर शब्द लिहिले होते. उसाकडून विहिरीकडे बाण, त्यावर 'आटवतो'.

"हे काय गिरगटून ठेवलंयस?" मी निम्मे मार्क कापले.

"पर सर, नुसता बाण काढला तर ऊस विहिरीचं काय करतो ते कसं कळनार?"

"ते कळून तुला काय करायचंय?" काय तो माझा रुबाब.

पुढे मला कायम करायचं की नाही ते ठरवणारी तपासणी समिती वर्गात आली. अध्यक्ष कोण, तर शिर्डीच्या प्रशिक्षणात शिकवणाऱ्या त्याच मॅडम. मॅप चाळता चाळता त्या सोनालीच्या मॅपवर थांबल्या.

"बाणावरच्या शब्दांवरूनच तर मुलांना काय समजलं ते कळतं. वर्गात एकटीला जमलंय, आणि तिलाच कमी मार्क? दुपारी हेच शिकवलं होतं. होतात ना तुम्ही?"

"होतो की," मी ठोकून दिलं.

मॅडमनी फळ्यावर दोन चौकटी काढल्या. एकीत 'सर', दुसरीत 'दुपारचं सत्र', मध्ये बाण. "सांगा मुलांनो, या बाणावर काय लिहायचं?"

मी सोनालीकडे अगदी केविलवाणं पाहिलं. ती शांतपणे उठली आणि तिने खडूने लिहिलं, 'दांडी मारली'.

"पन पेढे लई भारी हुते, सर," जागेवर बसताना म्हणाली.

कायम होणं राहिलं बाजूला. माझ्या कागदावर मॅडमचा शेरा आहे: 'यांनी प्रशिक्षण पुन्हा घ्यावे. परत आल्यावर यांचा मॅप सोनालीने तपासावा.'