महामायेच्या खेळात लपायचं नाही

सोनाळ्याकडून सातपुड्याच्या पायथ्याला जाणाऱ्या वाटेवर आमचं गाव आहे. गावाच्या उगवतीला जुन्या खळ्याची जागा आहे. आता तिथं कोणी मळणी करत नाही, पण पिढ्यान्‌पिढ्या बैलांनी तुडवलेली ती जमीन अजून इतकी घट्ट आहे की पोरांच्या टाचा तिच्यावर वाजतात. रोज दिवस कलला की महामाया तिथं येऊन उभी राहते. हातात काही नसतं. तिच्या खेळांना काही लागतच नाही.

महामाया भाऊरावची मुलगी. वय पस्तीस. बारावी शिकली, बीबी गावात दिली, नवरा वारला तेव्हा माहेरी परत आली. दुपारपर्यंत अंगणवाडीत मदतनीस. खिचडी शिजवते, लहान लेकरं घरून आणते, घरी पोचवते. संध्याकाळचं काम तिला कोणी सांगितलेलं नाही. पंधरा-वीस पोरं जमतात, बौद्ध वस्तीतली आणि पाटलांच्या गल्लीतलीही. ती त्यांना विषामृत शिकवते, साखळी शिकवते, डोंगर-पाणी, लंगडी, शिवणापाणी. चेंडू नको, दांडू नको, पाटी-खडूही नको. डाव कोणावर ते तळहात पालथे-उताणे करून ठरतं.

तिचे नियम दोन. पहिला, रेसटिप खेळायची नाही. लपाछपीला आमच्याकडे रेसटिप म्हणतात. आणि दुसरा, कोणाला कच्चा निंबू करायचं नाही. खेळात एखादं लेकरू फार लहान असलं की त्याला कच्चा निंबू म्हणून घेतात. ते सगळ्यांसोबत पळतं, पण त्याच्यावर डाव येत नाही, ते बाद होत नाही, त्याला कोणी शोधत नाही. महामायेच्या खेळात चार वर्षांच्या पोरीवरही डाव येतो. आणि घरी जाण्याआधी ती सगळ्यांना रांगेत उभं करून मोजते, एकदा डावीकडून, एकदा उजवीकडून.

पोरं विचारायची, "ताई, रेसटिप काऊन नाई?"

"मले धुंडता येत नाई," ती म्हणायची, आणि पोरं हसायची.

मागच्या दिवाळीनंतरची गोष्ट. शेषराव पाटलांची नात वैष्णवी, सात वर्षांची, तिची आजी गोजरबाई तिला रोज खळ्यावर घेऊन यायची आणि बाभळीखाली बसून राहायची. त्या दिवशी गोजरबाई घरी होती. लंगडीत वैष्णवी बाद झाली, पण ऐकेना. तेव्हा एका पोरीनं तिला तोंडावर म्हटलं, "तुह्या आजीनं पोटच्या पोरीले मारलं, तू आम्हाले काय शिकवतं?"

वैष्णवी रडली नाही. ती म्हणाली, "मारलं नाई. कडी लावाची भुलली. आबा रोज सांगतात."

महामायेनं खेळ तिथंच थांबवला.

ही गोष्ट सगळ्या गावाला पाठ आहे. चोवीस वर्षांपूर्वी, कापूस वेचणीच्या दिवसांत, शेषरावच्या मधल्या खोलीत छातीएवढा कापूस भरला होता. भाव येईपर्यंत आमच्याकडे कापूस घरातच भरून ठेवतात, आणि लेकरं आत जाऊ नयेत म्हणून दाराची कडी वरून लावतात, कारण कापसात लेकरू रुतलं की आवाजसुद्धा बाहेर येत नाही. शेषराव आणि गोजरबाई वावरात होते. त्यांची पाच वर्षांची काजल त्या खोलीत गेली. दिवेलागणीनंतर सापडली, पांढऱ्याशुभ्र ढिगाखाली, तोंडात कापूस. कडी उघडी होती. सकाळी दार ओढून घेणारी गोजरबाईच होती. शेषरावनं बायकोला त्या दिवशी मारलं नाही, नंतरही नाही. फक्त रोज एक वाक्य बोलत राहिला. जेवताना, पाहुण्यांसमोर, नातीसमोर. "कडी लावली असती तर." गोजरबाईला आठवत होतं की तिनं कडी लावली. मग आठवेनासं झालं. मग तिनं स्वतःच मान्य केलं की लावली नसेल.

गावाला जे माहीत नव्हतं ते दोघांनाच माहीत होतं, महामायेला आणि तिच्या बापाला. भाऊराव त्याआधीच्या उन्हाळ्यात वारला होता.

महामाया वैष्णवीचा हात धरून तिच्या घरी गेली. शेषराव अंगणात खाटेवर बसला होता. गोजरबाई सुपात तूर पाखडत होती.

"काय वं महामाया," गोजरबाई म्हणाली, "आज लवकर आणलं इले? भांडली काय?"

"नाई काकू. इले आत जाऊ द्या. मले बोलाचं हाय. काकाजीसमोर."

वैष्णवी आत गेली. महामाया बसली नाही. उभ्यानंच तिनं सांगितलं.

"त्या दिवशी आम्ही तुमच्या वाड्यामागं रेसटिप खेळून राह्यलो होतो. काजल कच्चा निंबू होती. माह्या मागं लागली, मले बी लपव म्हणे. मी अकराची होती, सगळ्यांत उंच. मी कडी काढली न तिले कापसावर बसवलं."

गोजरबाईचं सूप थांबलं. "कडी लागेल होती?"

"लागेल होती काकू. वरची. चवड्यावर उभी राहून काढली मी."

"लागेल होती," गोजरबाई पुन्हा म्हणाली. या वेळी तिनं विचारलं नव्हतं.

"मंग खेळ मोडला. मायनं हाका मारल्या, सगळे आपापल्या घरी पळाले. कच्च्या निंबूले कोण मोजते? मी भाकर खाल्ली. मले तिची याद आली ते तुमच्या घरचं रडणं ऐकल्यावर."

शेषराव खाटेच्या काठावर सरकून बसला. मग म्हणाला, "इतके वर्सं काऊन नाई बोलली?"

"बाबाले सांगतलं होतं त्याच राती. त्यानं माह्या तोंडावर हात ठेवला. म्हणे, आपली बारा घरं, त्याहीचं सारं गाव. पाटलाची पोरगी गेली, न आपल्या पोरीनं कडी काढली असं झालं, तर वस्तीत चूल पेटू देतीन का?"

"म्हणजे भेव होतं."

"हाव."

"आता नाई?"

"आता बी हाय, काकाजी."

गोजरबाईनं सूप खाली ठेवलं. "तिले कापसावर बसवलं तवा रडत होती का?"

"नाई. खूश होती. म्हणे, मले कोणी धुंडणार तर नाई ना? मी म्हणलं, नाई."

गोजरबाईनं डोळे मिटले. ती नवऱ्याकडे वळली तेव्हा तिचा आवाज साधा होता. "ऐकलं का तुम्ही?"

शेषराव खाटेवरून उठला. वहाणा घालता घालता म्हणाला, "कडी राहू दे. पोरीची माय घरी असती तर झालं असतं का हे?"

"मी वावरात होती," गोजरबाई म्हणाली. "तुमच्याच संग. तुम्हीच म्हणलं होतं, माणसं कमी हायेत, चाल."

तो बाहेर निघून गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी गोजरबाई एक पिशवी घेऊन बौद्ध वस्तीत आली. लग्न होऊन या गावात आल्यापासून ती त्या गल्लीत पहिल्यांदाच शिरली. महामाया दारात भांडी घासत होती.

"संग्रामपूरले चालली, भावाकडं," गोजरबाई म्हणाली. "इथं मले राहू वाटत नाई. माही चूक होती म्हणून राह्यली एवढे दिवस."

महामाया राखेच्या हातानं उभी राहिली. "काकू, मी..."

"नोको बोलू. काल आली ते बरं केलं. तू आली नसती तर मी तशीच मेली असती. पण पोरी, तुह्या तोंडाकडं पाहू वाटत नाई मले. खोटं कशाले बोलू."

ती बसथांब्याकडे गेली. शेषराव तिला अडवायला आला नाही. आणायलाही अजून गेलेला नाही.

गोष्ट गावभर झाली आणि आठवड्याच्या आत अर्ज फिरला, की अशा बाईला लेकरांच्या कामावर ठेवू नये. सह्या पाटलांच्या गल्लीतल्या होत्या आणि चार बौद्ध वस्तीतल्याही, कारण तिथली माणसंही म्हणाली की चोवीस वर्षं झाकलेलं हिनं आता उघडून आपल्याला उगाच संकटात घातलं. अर्ज तालुक्याला गेला. उत्तर अजून यायचं आहे. वैष्णवीला घराबाहेर पडायची बंदी आहे.

मी मुद्दाम खळ्याकडे जाऊन पाहिलं. दिवस कलला होता. महामाया आली होती. पोरं चारच होती, चारही तिच्याच वस्तीतली. चौघांत साखळी होत नाही, विषामृतही रंगत नाही. पोरं पायानं जमीन घासत उभी राहिली. त्यांनी तळहात पुढे केले, तेव्हा तिनं आपलाही तळहात त्यांच्यात ठेवला. डाव तिच्यावर आला. पोरं चारी दिशांना पळाली आणि ती त्यांच्यामागे धावू लागली, पदर खोचून, धापा टाकत, एकावरूनही नजर न हटवता.