कोपऱ्यावरचा फ्लेक्स

आई गेल्यावर वडिलांना शिराळ्याकडच्या गावातून सांगलीला आणलं. फौजेतून हवालदार म्हणून निवृत्त झालेला माणूस. अनोळखी डोंगरातून धुक्यात तुकडी उतरवलेला. आमच्या कॉलनीत तो दुसऱ्याच दिवशी चुकला.

दोष त्यांचा नव्हता. बिल्डरला एकच घर सुचलं होतं आणि त्याने ते चाळीस वेळा बांधलं. तेच काळं गेट, तेच स्टीलचे कठडे, तोच पिवळा रंग. आपलं घर वेगळं दिसावं म्हणून लोकांनी नावाच्या पाट्या लावल्या. एकट्या आमच्या गल्लीत ‘मातोश्री’ तीन.

शेवटी मी खूण सांगितली. कोपऱ्यावर गॉगलवाल्या नेत्याचा वाढदिवसाचा फ्लेक्स आहे, तिथून डावीकडे, चौथं गेट. ‘हा माणूस आयुष्यात पहिल्यांदाच कुणाच्या उपयोगी पडतोय,’ असंही म्हणालो. वडील हसले नाहीत. पण रोज एकटे जाऊन भाजी आणू लागले. त्यांचं स्वतःचं म्हणावं असं तेवढंच उरलं होतं.

निवडणुकीची आचारसंहिता लागली. सकाळी कामावर जाताना महापालिकेची माणसं तो फ्लेक्स उतरवताना दिसली. गाव जरा बरं दिसेल, एवढंच मनात आलं. घरी फोन करायचं सुचलं नाही.

दुपारी वडील पुढच्या गल्लीत वळले आणि चौथ्या गेटातल्या दाराला आमची किल्ली लावत बसले.

“आवं आजोबा, काय चाललंय?” आतल्या बाईंनी खिडकीतून विचारलं.

“किल्ली फिरंना गं. माझंच घर हाय.”

“तुमचं? मग आमी काय भाड्यानं ऱ्हातोय व्हय?”

गल्ली हसली. कुणीतरी मोबाइलवर चित्रणही केलं. त्या बाईंनीच वडिलांच्या खिशात मी ठेवलेल्या नंबराच्या चिठ्ठीवरून मला फोन लावला. मी पोचलो तेव्हा ते पायरीवर बसले होते, मांडीवर मेथीची पिशवी.

“मी चुकलो न्हाई,” ते म्हणाले. “खूण काढली.”

त्यानंतर ते गेटाबाहेर पडले नाहीत. भाजी मी आणायचो. ते निवडायचे. पावसाळ्याआधीच गेले.

कॉलनीच्या मंडळाने मला न विचारता कोपऱ्यावर श्रद्धांजलीचा फ्लेक्स लावला. वर वर्दीतले वडील. खाली शोकाकुल मंडळींचे अकरा फोटो, दोघे गॉगलमध्ये.

काल पार्सलवाल्याचा फोन आला. घर सापडेना.

“कोपऱ्यावर फौजी आजोबांचा फ्लेक्स दिसतोय?” मी म्हणालो. “तिथून डावीकडे. चौथं गेट.”