बापाकडे मजुरी मागणारी

मिरजगावात आजवर जन्मलेल्या सगळ्या माणसांनी मिळून मला जेवढं हादरवलं नसेल, तेवढं माझ्या धाकट्या दिराच्या एकट्या नातीने हादरवलं आहे. लोकांच्या घरी मुलं पळून जातात, भाऊ भावाचं डोकं फोडतो, त्याने मला काही होत नाही. ही पोरगी मात्र नुसती "मोठी आजी" म्हणत दारात उभी राहिली, तरी मी आधी भिंतीला टेकून बसते. सव्वीस वर्षांची, कॉलेज शिकलेली, नगरला नोकरी करत होती. एक दिवस नोकरी सोडून घरी आली आणि म्हणाली, ऑस्ट्रेलियाच्या व्हिसासाठी नाव घातलंय. तिथलं सरकार म्हणे तरुण मुलांना वर्षभर येऊ देतं. हिंडायचं आणि हिंडण्यापुरतं कमवायचं. जाणारे फार, म्हणून नावं सोडतीने निघतात. मी विचारलं, "कमवायचं म्हंजी काम कसलं गं?" ती म्हणाली, "फळं तोडायची. संत्री, लिंबं." माझा वासलेला आ मिटेना. आमच्या दारात लिंबाची बाग आहे, तिकडे ही पोरगी जन्मात फिरकली नव्हती.

नाव निघायच्या आधीच तिने तयारी सुरू केली. तिकडे आपलं ओझं आपणच वाहायचं असतं, म्हणून पाठीवर कांद्याची गोणी बांधून माळावर फेऱ्या मारायची. लोक मला विचारायचे, "कसला नवस केलाय वो पोरीनं?" तिकडे तंबूत राहावं लागेल, म्हणून घरात चांगली खाट असताना अंगणात ताडपत्री ताणून झोपली, दोन रात्री कुत्री शेजारी झोपली, तिसऱ्या रात्री पाऊस आला तेव्हा कुत्रीसुद्धा शहाणपणाने ओसरीवर गेली, ही गेली नाही. इंग्रजी बोलायची सवय राहावी म्हणून सकाळी म्हशीची विचारपूस इंग्रजीत करायची. मी डोक्याला हात लावला, पण खोटं कशाला सांगू, दूध काही कमी झालं नाही.

मग तिने जे केलं त्याने सगळी आळी हादरली. लिंबं तोडणाऱ्या बायकांच्या टोळीत ती रोजाने जाऊ लागली, तेही शेजाऱ्याच्या बागेत. मी म्हटलं, "आगं, तोडायचीच तर आपल्या बागेत तोड की!" तर म्हणाली, "आपल्या बागंत मला कोण रागावतंय? मालक वरडल्यावर कसं वाटतं, ते आधी कळाया नको व्हय?" हा विचार कोणाच्या डोक्यात येतो, सांगा. आणि पुढच्याच आठवड्यात तीच टोळी आमच्या बागेत आली, त्या टोळीत ही.

संध्याकाळी माझा पुतण्या, म्हणजे हिचा बाप, बांधावर बसून बायकांची मजुरी वाटत होता. शेवटी एक हात पुढे आला. त्याने वर पाहिलं.

"घरात जा," तो म्हणाला.

"जाती की आण्णा. आधी रोज द्या."

टोळीतली एक बाई फिदीफिदी हसत म्हणाली, "द्या वो मालक, पोरगी कुटं बसली न्हाई दिवसभर!"

त्याने दिला. पण त्या दिवसापासून तो तिच्याशी बोलेना. सोडतीत तिचं नाव निघालं, बोलला नाही. पुण्याला जाऊन ती डॉक्टरी तपासणी करून आली, बोलला नाही. व्हिसा आला, तेव्हा सगळं घर जागेवर उठून उभं राहिलं, हा बैलाला पाणी दाखवायला निघून गेला. तिकिटाचे पैसे तिचे स्वतःचे होते, तिला कोण अडवणार होतं? पण तीच मला म्हणाली, "आण्णा तोंडानं जा म्हणलं तर जाईन. न्हाईतर ऱ्हाऊ दे." कधी कोणाला विचारून पाणीसुद्धा न प्यालेली ही पोरगी! मी पुन्हा भिंतीला टेकले.

मग मी पुतण्याला गाठलं. म्हटलं, "दुसऱ्याच्या लेकी तुझ्या बागंत काट्यात हात घालत्यात, तवा तुझी अब्रू कुटं जाती रं?" त्या रात्री जेवताना ती भाकरी वाढायला वाकली, तर तो तिच्या हातांकडे बघत राहिला. मनगटापर्यंत ओरखडे.

"तिकडं हातमोजं देत्यात का?"

तिने भाकरी त्याच्या ताटात ठेवली. मग म्हणाली, "देत्यात की, आण्णा."

"मंग नीट इचारून घ्यायचं. पयल्याच दिवशी." एवढं बोलून त्याने भाकरी मोडली. तिच्या आईने चुलीकडे तोंड करून डोळे पुसले, धुराचं निमित्त होतंच.

ती गेली त्याला आता चार महिने झाले. फोनवर बाग दाखवते, पुतण्या चष्मा लावून झाडं बघतो आणि छाटणी चुकलीय म्हणतो. गाव पुन्हा शहाण्यासारखं वागू लागलं आहे. मला कोणी हादरवत नाही, आणि हे मला मुळीच आवडलेलं नाही. वर्ष कसं सरेल कळायचंबी न्हाई, असं ती फोनवर म्हणते. तिचं ठीक आहे. मला इथे एका आठवडी बाजारापासून पुढच्या बाजारापर्यंतचे दिवस सरता सरत नाहीत.