मेणाचा ठोकळा

ठाण्याच्या हॉस्पिटलात लॅबच्या खिडकीवर बसणारा माणूस प्रत्येकाकडून नाव तीनदा वदवून घ्यायचा. अदलाबदलीची धास्ती.

माझ्या छातीतल्या गाठीचा तुकडा मेणाच्या ठोकळ्यात होता. त्यातली जनुकं तपासून कॅन्सर उलटायचा धोका कळणार होता, म्हणजे केमो लागेल का ते ठरणार होतं. मेण वितळेल म्हणून मी तो ओल्या फडक्यात गुंडाळून, डब्यात घालून कल्याणहून नेला.

"ताई, भाजी आणलीत?" असं म्हणत त्याने ठोकळा हलकेच पुसला.

रिपोर्ट आला तेव्हा म्हटलं, "सातवी शिकलेय, वाचून सांगा ना."

"ते डॉक्टरच सांगतील."

घरचे लांब गावी, सोबत कुणी नाही. खिडकी बंद करून तोच डॉक्टरांच्या दारापर्यंत आला, बाकावर बसून राहिला.

मी बाहेर येऊन म्हटलं, "केमो नाही."

त्याने तेही तीनदा वदवून घेतलं.