समुद्रातलं गवत आणि ब्रेकबाई

गाडी शिकवणाऱ्या बाईंना त्यांचे विद्यार्थी मागून ब्रेकबाई म्हणत, आणि बाईंना ते पक्कं ठाऊक होतं. एकोणतीस वर्षं त्या शेजारच्या सीटवर बसून लोकांना गाडी शिकवत आल्या होत्या. शिकवायच्या गाडीत त्या बाजूलाही एक ब्रेक असतो. बाईंचा पाय त्याच्यावर कायम तयार असे, पण अगदी गळ्याशी आल्याशिवाय त्या तो दाबत नसत. लायसन्सच्या परीक्षेआधी त्या स्वतःच एक परीक्षा घेत आणि निम्म्यांना "अजून पंधरा दिवस" म्हणून परत पाठवत. हात जोडणारे, रडणारे, मोठमोठ्या ओळखी सांगणारे, सगळे नमुने त्यांनी पाहिले होते. बाई कुणाला बधत नसत.

तर अशा या बाईंनी छप्पन्नाव्या वर्षी स्कूबा डायव्हिंग शिकायचं मनावर घेतलं.

"पाण्यात?" नवरा म्हणाला. "आंघोळीचं पाणी जरा कोमट निघालं तर घर डोक्यावर घेतेस तू."

"ते घरचं पाणी," बाई म्हणाल्या.

खरं कारण नवऱ्यालाही माहीत होतं. त्यांची मुलगी समुद्रावर काम करणाऱ्या एका संस्थेत होती. किनाऱ्यापासून थोडं आत, तीन पुरुष खोल पाण्यात, तळाच्या वाळूत एक प्रकारचं गवत वाढतं. बोटींचे नांगर पडून पडून ते उखडलं गेलं होतं. मुलगी आणि तिचे सोबती खाली उतरून ते हातांनी पुन्हा लावत होते. चार वर्षांपूर्वी तिने ही नोकरी धरली, तेव्हा बाई घरभर पाहुण्यांसमोर म्हणाल्या होत्या, "एवढं शिकवलं, आणि शेवटी काय, तर गवत लावणार." उचलली जीभ लावली टाळ्याला! पाहुणे हसले, मुलगीही हसली. पण तेव्हापासून ती फोनवर तब्येत, बाबांचे गुडघे, शेजारणीची भांडणं, सगळं बोलायची आणि कामाचं अवाक्षर काढायची नाही.

हे बाईंना चार वर्षं सलत होतं. आता महिनाअखेरीस मुलीची तिथली नोकरी संपणार होती. संस्थेच्या बोटीची शेवटची फेरी तीन आठवड्यांनी, रविवारी. त्या बोटीने जायचं आणि ते गवत आपल्या डोळ्यांनी बघायचं, असं बाईंनी ठरवून टाकलं. माफी मागायला त्यांची जीभ रेटत नव्हती. आपण बघून आलो की तिला आपोआप कळेल, असं त्यांना वाटत होतं.

"तूच शिकव की मला," त्यांनी फोनवर म्हणून पाहिलं.

"नवऱ्याकडून गाडी शिकू नका, संसार मोडेल, असं तूच सगळ्या बायकांना सांगतेस ना?" मुलगी म्हणाली. "मग लेकीकडून कशी शिकशील? बाहेरचा माणूस शोध. आणि नीट पारखून घे, आई. तिथे खाली गंमत नसते."

पारखायचं कसं, हे बाईंना कुणी शिकवायची गरज नव्हती. पाण्यातलं त्यांना ओ की ठो कळत नव्हतं, पोहणंही जेमतेम, पण शिकवणाऱ्या माणसाची जात त्यांना लांबूनच ओळखू यायची.

पहिल्याचं ऑफिस चकचकीत. भिंतीभर त्याचेच फोटो, प्रत्येकात एक मासा. तोही सतत हसरा.

"काही घाबरू नका, तीन दिवसांत समुद्रात!"

"गेल्या वर्षी किती जणांना परत पाठवलंत?" बाईंनी विचारलं.

"छे, छे! आमच्याकडे शंभर टक्के पास."

बाईंनी पर्स उचलली. आपल्याकडे कुणीच नापास होत नाही असं सांगणाऱ्या शिकवणाऱ्यापासून त्या नेहमी चार हात लांब राहत आल्या होत्या.

दुसऱ्याचा वर्ग त्यांनी पोहण्याच्या तलावाच्या काठावर बसून पाहिला. गडी पाण्यात काय सुंदर फिरायचा! पण तो पुढे आणि विद्यार्थी मागे. पाऊण तासात त्याने किती वेळा मागे वळून पाहिलं ते बाईंनी बोटांवर मोजलं, आणि एका हाताची बोटंसुद्धा पुरून उरली.

तिसरा जाडसर, टक्कल पडलेला, कमी बोलणारा. त्याला सगळे मास्तर म्हणत. बाईंनी प्रश्न विचारायच्या आत त्यानेच विचारायला सुरुवात केली. दम लागतो का? कान दुखतात का? कुठल्या गोळ्या चालू आहेत? मग डॉक्टरांची सही आणायला त्याने त्यांना सरळ घरी पाठवलं. बाई कुरकुरत गेल्या, पण सही घेऊन आल्या.

पहिला धडा तलावात, छातीइतक्या पाण्यात होता. बाईंच्या शेजारी एक बँकेतला कारकून होता. पाठीवर सिलिंडर, डोळ्यांवर मास्क, तोंडात श्वासाची नळी. तळावर गुडघे टेकून दोघं मास्तरांसमोर बसले. श्वास कधीही अडवायचा नाही, घेत राहायचा, सोडत राहायचा, एवढंच त्या दिवशीचं शिक्षण. बाईंचं बरं चाललं होतं. तेवढ्यात कारकुनाच्या मास्कमध्ये पाणी शिरलं आणि तो हातपाय झाडायला लागला.

झालं. एकोणतीस वर्षांची सवय! विद्यार्थी गोंधळला की बाईंचा हात आपोआप स्टिअरिंगवर जायचा, तसा तो कारकुनाच्या पट्ट्यावर गेला. दुसऱ्या हाताने त्या त्याच्या तोंडातली नळी दाबून धरायला निघाल्या. त्याचं कोपर लागलं आणि बाईंचीच नळी तोंडातून सुटली. नाकातोंडात पाणी. डोळ्यांपुढे काजवे चमकले. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते असं.

वर उसळायला त्या धडपडल्या तेव्हा त्यांना जाणवलं की आपला खांद्याचा पट्टा कुणीतरी धरलाय. मास्तरांचा एक हात कारकुनावर होता आणि दुसरा बाईंवर. आपल्याकडे बघा, असं त्यांनी नुसत्या मानेने खुणावलं. त्यांनी ओढलं नाही, उचललं नाही, कारकुनावरचा हात क्षणभर सोडून बाईंची नळी समोर आणून दिली आणि थांबले. बाईंनी ती स्वतः तोंडात घातली, आतलं पाणी घालवायला जोरात फुंकली आणि श्वास घेतला. मग मास्तर दोघांना घेऊन सावकाश उभे राहिले.

"काय काम करता तुम्ही?" काठावर आल्यावर त्यांनी विचारलं.

"गाडी शिकवते."

"वाटलंच मला. बाई, पाण्यात आधी स्वतःचा श्वास, मग दुसऱ्याचा. तुमचा हात दुसऱ्याकडे धावायचा थांबत नाही, तोवर मी तुम्हाला समुद्रात नेणार नाही."

"पण मला रविवारी, दोन आठवड्यांनी..."

"तारीख मी देत नाही."

बाईंचा पारा चढला. टॉवेल गुंडाळता गुंडाळता त्यांनी फणकाऱ्याने विचारलं, "माझा पट्टा कधी धरलात तुम्ही?"

"सुरुवातीपासून धरलेला होता," मास्तर म्हणाले आणि कारकुनाचं सिलिंडर उतरवायला गेले.

बाई घरी आल्या तोवर फोनवर त्या पहिल्या हसऱ्याचा निरोप येऊन पडला होता. गुरुवारी जागा आहे, शनिवारी समुद्र नक्की! बाईंनी तो चार वेळा वाचला. त्याच्याकडे गेलं तर रविवार साधणार होता, आणि मास्तरांकडे तो हातचा जाणार हे जवळजवळ नक्की होतं. त्या स्वयंपाकघरातल्या स्टुलावर कितीतरी वेळ बसून राहिल्या. पट्ट्यावर हात होता आणि आपल्याला पत्ताही लागला नाही, ही गोष्ट त्यांच्या डोक्यातून जात नव्हती. असा माणूस आयुष्यात पुन्हा भेटेलच असं नाही, हे त्यांच्याइतकं कुणाला कळणार?

त्यांनी मुलीला फोन लावला.

"सापडला शिकवणारा," त्या म्हणाल्या. "त्याने मला नापास केलंय."

मुलगी खो खो हसली. "तुला? आई, त्याचा सत्कार करायला हवा."

"हसू नकोस. मी रविवारच्या बोटीला नाही पोचणार." बाई म्हणाल्या. "मी तिथे येऊन बघणार होते. म्हणजे मग तुला काही सांगावं लागलं नसतं. आता सांगावंच लागतंय. त्या दिवशी सगळ्यांसमोर मी तुझ्या कामाला नावं ठेवली. चुकलं माझं. चार वर्षं चुकतंच आलं."



"नोकरी माझी संपतेय, आई," मुलगी म्हणाली. "गवत कुठे जातंय? ते तिथेच राहणार आहे, वाढणार आहे. आम्ही लावलं तेव्हा बोटभर होतं, आता गुडघ्याएवढं झालंय. त्यात छोटे मासे राहायला आलेत. आणि पहिल्या पावसाळ्यानंतर काय झालं माहितीये? आम्हाला वाटलं सगळं गेलं..."

ती बोलत सुटली. वाळूत रोप कसं रोवायचं, कुठली ओळ जगली, कुठली मेली, कोण सोबती कधी वैतागून रडला. बाई स्टुलावरच बसून ऐकत होत्या आणि पदराने डोळे पुसत होत्या. मध्ये नवरा येऊन दारात उभा राहिला, तर त्यांनी त्याला हातानेच गप्प राहायला सांगितलं.

तासाभराने फोन ठेवला. मग बाईंनी हसऱ्याला नको म्हणून कळवलं, आणि ओला पोहण्याचा पोशाख पिळून गॅलरीत वाळत घातला. सकाळी सातला पुन्हा तलावावर जायचं होतं.