मेलबर्नच्या माईकवर पुकारलेलं इनाम

गेल्या रविवारी दुपारी गोंदियाकडच्या आमच्या गोरेगावात, घरी, एक प्रकार झाला... तो सांगते.

माझी नात पल्लवी मेलबर्नला असते. तिथं चेक आणि स्लोव्हाक सिनेमांचा महोत्सव भरतो, त्यात ती कामाला लागली आहे. नोकरी तेव्हा पक्की नव्हती. रविवारी पहिल्यांदा तिच्या हाती माईक देणार होते... सिनेमा संपला की स्टेजवर पाहुण्यांशी बोलायचं. नीट जमलं तर ठेवून घेणार.

पोरगी लहानपणापासून घुमी. कुणी नाव विचारलं तरी पायाच्या अंगठ्याकडे पाहून सांगायची. म्हणून तिची आई, म्हणजे माझी सून रेखा, आठवडाभर देवापुढे दिवा लावत होती. मी म्हटलं, "तेल कायले जाळून राहिली? बोलायचं पोरीले आहे, देवाले नाही."

तो सिनेमा घरबसल्याही पाहता येत होता. पल्लवीनं शनिवारी लिंक पाठवली, रेखानं टीव्हीवर लावून दिला. खाली इंग्रजी अक्षरं पळत होती, ती माझ्या काही कामाची नाहीत... पण खरं सांगते, त्यांची गरजच पडली नाही.

स्लोव्हाकियातली एक म्हातारी, नवरा नुकताच गेलेला. तिकडे नाताळाला मासा खातात, आणि तो जिवंत आणून आंघोळीच्या टबात सोडून ठेवतात. आपल्या रोहूचा भाऊबंद वाटावा असा मासा. दरवर्षी तो मारायचं काम नवऱ्याचं... यंदा मासा टबात फिरून राहिला आहे आणि म्हातारी दारात उभी.

मी म्हटलं, "मंग हे लोक आंग कुठं धुतात वं?" रेखा म्हणाली, "आई, पाहा ना गुपचूप."

पाहिलं गुपचूप. ती बाई शेजाऱ्याकडे मदत मागायला जाते, पण तोंडातून शब्द निघत नाही. वाटीभर साखर मागून परत येते. शेवटी बाह्या वर करते, लाकडी हातोडी घेते, काम उरकते. मासा तळते, ताटं मांडते... एक आपलं, एक रिकामं. आणि पोटभर जेवते. संपला सिनेमा.

एक टिपूस गाळलं नाही त्या बाईनं. आमच्या मालिकांमधल्या बाया दूध उतू गेलं तरी अर्धा तास रडतात. ही नुसती काटे काढून बाजूला ठेवत होती आणि काटा माझ्या घशात अडकला होता.

माझं माहेर तळ्याकाठचं नवेगाव बांध, मासा मला नवा नाही. पण आमच्याकडेही तो साफ करणं ह्यांचं काम होतं. ते गेल्यावर मी पहिल्यांदा विळी ओढली, तेव्हा घरात कुणी नव्हतं... त्या बाईनं ते कुठून पाहिलं कोण जाणे.

आता आमच्या भागातल्या लोकांना माहीत आहे, धान निघालं की गावोगावी मंडई, म्हणजे जत्राच, भरते आणि रात्री नाटकं होतात. कुणाचं काम मनाला लागलं की आम्ही इनाम देतो आणि माईकवर देणाऱ्याचं नाव, गाव पुकारतात. काम आवडलं आणि इनाम दिलं नाही, असा चिकटपणा मी जन्मात केला नाही. त्यात ते काम करणारी म्हातारी नटी स्वतः मेलबर्नला येणार होती, पल्लवीच्याच शेजारी बसणार होती.

लगेच फोन लावला. "त्या बाईले माह्या नावानं इनाम पुकार. पैसे माह्या गाठीचे."

"आजी, इथं तसं नसते."

"काऊन नसते? नाटकवालेच नाही का ते?"

"लोकं हसतील, आजी. पहिलाच दिवस आहे माहा."

रेखानं हातातला फोनच काढून घेतला. म्हणाली, "आई, पोरीच्या नोकरीवर पाणी फेरता काय?" इनामाचा आकडा इथंही लिहीत नाही, मुलगा वाचतो.

रविवारी दुपारी, म्हणजे तिकडे संध्याकाळी, पल्लवीच्या मैत्रिणीनं समोरून व्हिडिओ कॉल लावून ठेवला. आधी पोरीचा आवाज अगदी बारीक... मग सुधरला. म्हातारी काठी घेऊन बसलेली, लोक काय काय विचारत होते. सगळं बरं चाललं होतं.

शेवटी पल्लवी थांबली. अंगठ्याकडे नाही, सरळ फोनकडे पाहिलं. आधी इंग्रजीत काही सांगितलं आणि मग मंडईतल्या माईकवाल्यासारखा आवाज चढवून चक्क मराठीत पुकारलं... "गोरेगाव, जिल्हा गोंदिया इथल्या शांताबाईंकडून आजच्या नायिकेला सप्रेम भेट."

हॉलमधले लोक एकमेकांकडे पाहायला लागले. रेखानं पदर डोळ्यांवर घेतला, "गेली नोकरी."

एक माणूस म्हातारीच्या कानाशी लागून तिच्या भाषेत समजावत होता. ती काठीवर जोर देऊन उठली, फोनजवळ आली आणि काहीतरी विचारलं. पल्लवीनं मला सांगितलं, "आजी, त्या विचारून राहिल्या, तुमच्या घरी मासा कोण मारते?"

मी छातीवर हात ठेवला. "मीच."

हे तिला कुणी समजावलं नाही. तिनंही आपल्या छातीवर हात ठेवला. मग लोकांनी ज्या टाळ्या वाजवल्या... त्या पल्लवीच्या होत्या, असं मी समजते. पुढच्या सिनेमालाही माईक तिच्याच हाती दिला, आणि दुसऱ्या दिवशी नोकरीही पक्की केली.

म्हातारीनं जाताना निरोप ठेवला. त्यांच्याकडे नाताळाला अवचित येणाऱ्यासाठी एक ताट जास्तीचं मांडतात. यंदा ते माझ्या नावाचं.

माझ्यानं काही जाणं होत नाही. पण नाताळाला मीही रोहू आणणार आणि एक ताट जास्तीचं मांडणार. रेखा विचारेलच, कायले. सांगीन तिला... स्लोव्हाकियाची पाहुणी आली तर आमच्या घरून उपाशी गेली असं नको व्हायला.