पिनांगला निघालेलं बोचकं

या रस्त्यात मला सगळे 'पिनांग मामी' म्हणतात. पिनांग मी पाहिलेलं नाही.

पाहिलं नाही म्हणजे काय, ते समुद्राच्या कुठल्या बाजूला आहे तेही मला नक्की सांगता येणार नाही. पण कुंभकोणमात माणसाला एकदा नाव चिकटलं की चिकटलं. भाजीवाला, पोस्टमन, देवळातला फुलवाला, अस्के (म्हणजे सगळे, आम्ही तंजावरकडचे मराठी असंच म्हणतो, पुण्याच्या लोकांनी खुशाल हसावं) मला याच नावाने हाक मारतात. त्याचं कारण आमच्या घरातली तीन शहाणी माणसं: माझे हे, माझ्या सासूबाई आणि सगळ्यांत शहाणी मी.

देश स्वतंत्र होऊन काही वर्षं झाली होती आणि आमच्या गावातला जो तो मलाया, सिंगापूर, सिलोन असा कुठे ना कुठे निघालेला होता. मलायात पिनांगला यांचा एक चुलतभाऊ कापडाचं दुकान चालवायचा. त्याने यांना कळवलं, "हिशेबाला घरचा माणूस हवा. ये." झालं! पितळी भांड्यांच्या दुकानात कारकुनी करणारे आमचे हे रातोरात दर्यावर्दी झाले.

प्रश्न एकच होता. जायचं ते कायमचं, की थोड्या दिवसांसाठी?

आता यांचा स्वभाव असा गोड, की समोरच्याला जे ऐकायला आवडेल तेच यांच्या तोंडून निघायचं. सासूबाईंना सांगितलं, "आई, थोड्या दिवसांसाठी गं. गेलो की आलोच." दुकानाच्या मालकांना सांगितलं, "थोडे दिवस रजा द्या." पिनांगच्या भावाला कळवलं, "कायमचा येतो." आणि आमचं घर भाड्याने घ्यायला तिरुभुवनमचा रेशमी साड्यांचा व्यापारी आला, राजगोपालन नावाचा, त्याला म्हणाले, "कायमचंच समजा. तुमचंच घर!" सासूबाई त्याच घरात राहायच्या होत्या. त्यांना सांगितलं, "तुला सोबत म्हणून एक कुटुंब ठेवतोय." (सोबतीला आख्खं घर!)

"अहो, पण खरं काय?" मी विचारलं.

"तुला काय वाटतं?" हे म्हणाले.

मला काय वाटायचंय? मला एवढंच वाटत होतं, की रस्त्यातल्या बायकांना वाटावं मी कायमची चालले! कारण थोड्या दिवसांसाठी कोणीही जातं. आमच्या समोरच्या कमलम् मामी थोड्या दिवसांसाठी मद्रासला जाऊन आल्या होत्या, तर वर्षभर मद्रासचंच बोलायच्या. मी कायमची गेले तर त्यांनी तोंड उघडायचं कशाला?

बोट नागपट्टणमहून सुटायची होती, ती नेमकी आडी महिन्यात. आडी म्हणजे तमिळ लोकांचा असा महिना, की त्यात चांगलं काम काही करायचं नाही. त्यात आमच्या पंचांगातला आषाढ. आम्ही या मुलखात येऊन किती पिढ्या झाल्या, पण आमची शिस्त कायम: सण आपापले करायचे, अशुभ दिवस मात्र दोघांचेही पाळायचे! मग आमच्या वाध्यारांनी, म्हणजे भटजींनी, तोड काढली. आडी लागण्याआधीच्या शेवटच्या चांगल्या सकाळी प्रस्थान ठेवायचं. प्रस्थान म्हणजे काय, तर मुहूर्तावर प्रवासाचं एक बोचकं बांधून दुसऱ्याच्या घरी नेऊन ठेवायचं. बोचकं निघालं म्हणजे माणूस निघाला. मग प्रत्यक्षात कधी का जाईना.

बाकीच्यांच्या घरी बोचकं जातं आणि माणसं घरीच जेवतात. पण आमचे आजेसासरे एकदा काशीचं प्रस्थान ठेवून परत घरी जेवायला आले, आणि काशीत त्यांचे जोडे चोरीला गेले! तेव्हापासून आमच्या घराण्याचा नियम, की बोचक्यामागून माणसाने चालू पडायचं. मागे फिरून घरात पाऊल टाकायचं नाही. जोड्यांची चोरी फार मोठी गोष्ट आहे हो.

प्रस्थानाच्या सकाळी रस्ता आमच्या दारात लोटला. वाध्यारांनी यांच्या ओंजळीत पाणी दिलं आणि विचारलं, "संकल्पात काय म्हणू? कायमचं, की परत येण्यासाठी?"

हे छताच्या तुळईकडे बघायला लागले. "तुम्हाला योग्य वाटेल ते म्हणा."

"पिनांगला मी जातोय का?"

"दोन्ही म्हणता येणार नाही?"

"आणि देवाने काय समजायचं?" वाध्यार चिडले. "लवकर सांगा. मुहूर्त चाललाय!"

तेवढ्यात दारातून कमलम् मामींचा आवाज आला. हळूच बोलल्या, पण मामींचं हळूच म्हणजे वेशीपर्यंत. "थोड्या दिवसांसाठीच असेल. यांना कायमचं कोण ठेवून घेतंय!"

"कायमचं!" मी ओरडले.

यांच्या ओंजळीतलं पाणी सुटलं. संकल्प झाला.

"कायमचं, तर मग देवही जाणार," वाध्यार म्हणाले, आणि देवघरातला आमचा पितळेचा विठोबा उचलून तांदूळ, हळकुंड, सुपारीबरोबर सरळ बोचक्यात!

"माझा विठोबा बोटीत?" सासूबाई किंचाळल्या. "त्याला पाणी सोसत नाही!"

"चंद्रभागेच्या काठी उभा राहिलेला देव तो, आई..."

"काठी उभा आहे, आत नाही! आणि काय रे, तू तर थोड्या दिवसांसाठी म्हणालास?"

हे पुन्हा तुळईकडे. त्या तुळईत इतकं काय बघायचे देव जाणे. तो देवही बोचक्यात गेलेला!

आता ज्या घरात देव नाही, तिथे नैवेद्य नाही. नैवेद्य नाही तर सासूबाई जेवणार कशा? त्याही उठल्या आणि बोचक्यामागून चालू लागल्या. बोचकं ठेवायचं होतं ते कमलम् मामींच्या घरी. दुसरं कुठलं घर मनाला येईना, कारण ते बरोबर समोर होतं. पुढे बोचकं, मागे हे, मागे मी, मागे सासूबाई. बायकांनी डोळ्यांना पदर लावले, विड्याची पानं हातात कोंबली. मीही रडले. आणि आम्ही सगळे रस्ता ओलांडून परदेशी गेलो.

आम्ही बाहेर पडतोय तोच राजगोपालनचं कुटुंब नव्या घरात दूध उतू घालायला भांडं घेऊन आत शिरलं. त्यांनाही आडीच्या आधी शेवटचा चांगला दिवस तोच होता ना! आमचे देव निघाले, त्यांचे देव बसले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी मामींच्या ओट्यावर दात घासत होते. काल गळ्यात पडून रडलेली एक बाई रस्त्याने चालली होती. ती थबकली.

"अय्यो! अजून गेला नाहीत?"

"गेलोय की," मी तोंडातला फेस सांभाळत म्हटलं. "शास्त्राप्रमाणे गेलोय."

वाटलं होतं, चार दिवसांचा प्रश्न आहे. पण परमिट येईना. परमिट आलं असं वाटलं, तर बोटीत जागा मिळेना. जागेचं बघतोय, तर परमिटात यांचं नाव चुकलेलं! आठवड्यामागून आठवडे चालले. यांचा चष्मा घरात राहिला होता. आता घरात पाऊल कसं टाकणार? मग सासूबाई मामींच्या ओट्यावरून राजगोपालनच्या बायकोला, अलमेलूला, ओरडून सांगायच्या, "वरच्या फळीवर! डावीकडे! अगं, तुझ्या नाही, माझ्या डावीकडे!" रोज काही ना काही आठवायचं. अडकित्ता, खलबत्ता, यांचा पंचा. साऱ्या रस्त्याला आमच्या घरात काय कुठे आहे ते पाठ झालं. (चोरांचीही सोय झाली असणार.)

मामी मात्र खूश. "सुभद्रे, परदेशची हवा मानवतेय का?" सकाळचा कॉफीचा पेला हातात देत विचारायच्या. "तोंड उतरलंय तुझं. घरची आठवण येते?"

"छे!" मी म्हणायची.

छे काय छे! खरं सांगू? मला घराची इतकी आठवण यायची की घास उतरायचा नाही. आणि घर डोळ्यांसमोर! अलमेलू माझ्या उंबऱ्यासमोर रांगोळी घालायची, तीही वाकडी, आणि मी पलीकडून बघत बसायची. माझ्या खिडकीत तिचे कपडे वाळायचे. परसातल्या माझ्या तुळशीला ती पाणी घालत असेल का, या विचाराने मी झुरणीला लागले. पिनांगला पोचलेल्या बाईलाही एवढं झुरता आलं नसतं. तिला निदान दिसलं तर नसतं!

शेवटी एक दिवस दुपारी, रस्ता वामकुक्षी घेत असताना, मी घागर उचलली आणि मागच्या गल्लीने आमच्या परसात शिरले. मनाशी म्हटलं, परस म्हणजे काही घर नव्हे. जोडे मी घातलेलेच नव्हते, चोरीला जाणार काय? तुळस सुकली होती बिचारी. मी पाणी घालते न घालते, तोच कोठीच्या खोलीत खुडबुड ऐकू आली. डोकावून बघते, तर डोक्यावरून पदर घेतलेली एक बाई कैऱ्यांच्या लोणच्याच्या बरणीत कोपरापर्यंत हात घालून बसलेली!

"कोण गं?" मी दबक्या आवाजात विचारलं.

"मी आहे," सासूबाई म्हणाल्या. "बघायला आले होते, बुरशी धरली का ते. तू काय करतेस इथे? नियम माहीत नाही?"

"नियम? आणि तुम्ही?"

"कोठी म्हणजे घर नव्हे!"

तेवढ्यात माजघरातून कर्र... कर्र... असा आवाज. आमच्या झोपाळ्याची डावी कडी नेहमी अशीच वाजायची. आम्ही दोघी हळूच गेलो. झोपाळ्यावर, सदरा काढून, पोटावर वर्तमानपत्र ठेवून आमचे दर्यावर्दी घोरत होते! शेजारी कॉफीचा रिकामा पेला. मागाहून कळलं, की दुकानातून येताना (बोट सुटेपर्यंत रजा कसली!) हे पहिल्यांदा सवयीने आत शिरले, सवयीने झोपाळ्यावर बसले, सवयीने "कॉफी आण गं" म्हणाले, आणि ती भिडस्त अलमेलू कॉफी घेऊन आली. तेव्हापासून रोज!

"अहो!" मी म्हटलं.

हे दचकून उठले, झोपाळा सासूबाईंना लागला, सासूबाईंच्या लोणच्याच्या हाताने भिंत रंगली, आणि आवाजाने अलमेलू जागी झाली. तिने बघितलं, तर तोंडावर पदर घेतलेली, हात लाल झालेली कोणी बाई उभी!

"तिरुडन्! चोर! चोर!"

मग काय विचारता! वामकुक्षी मोडून रस्ता आला. राजगोपालन काठी घेऊन आला. कमलम् मामी झारा घेऊन आल्या. वाध्यार कुठल्याशा श्राद्धाहून जेवून निघाले होते, तेही ढेकर देत आले. चोर म्हणून उभे कोण, तर पिनांगचे कायमचे रहिवासी.

"मुहूर्त मोडला," वाध्यार म्हणाले. "एकाने नाही, तिघांनी मिळून मोडला. आता आडी संपून आवणी महिना लागल्यावर पुन्हा पहिल्यापासून प्रस्थान. विचार करून ठेवा, संकल्पात काय म्हणायचं ते."

सगळा रस्ता यांच्याकडे बघत होता. यांनी तुळईकडे मान वळवली, पण मग काय वाटलं कोण जाणे, माझ्याकडे बघितलं. लग्न झाल्यापासून पहिल्यांदाच यांनी मला सगळ्यांसमोर काही विचारलं.

"सुभद्रे, तूच सांग. कायमचं, की थोड्या दिवसांसाठी?"

दारात मामी उभ्या होत्या. बरोबर त्याच जागी. माझ्या हातात रिकामी घागर होती आणि डोळ्यांतलं पाणी आवरत नव्हतं.

"मला रस्त्यापलीकडून माझी तुळस बघवत नाही," मी म्हटलं, "समुद्रापलीकडून काय बघू? मला जायचंच नाही. कायमचंही नाही, थोड्या दिवसांसाठीही नाही!"

हे असे काही हसले, की मला कळलं, या माणसालाही जायचं नव्हतं. मला ऐकायला आवडेल म्हणून हे आपलं पिनांग पिनांग करत होते! सासूबाईंनी लोणच्याचा हात जोडला. "पांडुरंगा! चला, मग देव आणा घरी."

"ते कसं?" वाध्यार म्हणाले. "या घरातून कायमचं निघतो असा संकल्प सोडलाय. देवाला काय सांगू, सूनबाई चिडून बोलल्या म्हणून? आणि देवघरात यांचे देव बसलेत. तुमचा विठोबा काय त्यांच्या मांडीवर बसवू?"

"मलाही तुम्ही कायमचंच म्हणाला होतात, सार," राजगोपालन काठी खाली ठेवत अजिजीने म्हणाला.

यावर सगळ्यांनी यांच्याकडे बघितलं. आणि हे पुन्हा तुळईकडे!

यांची नोकरी तेवढी वाचली, कारण मालकांना थोड्या दिवसांसाठीच सांगितलं होतं. पिनांगच्या भावाने दुसरा माणूस ठेवला. कमलम् मामींनी घराचा पुढचा भाग आम्हाला दिला. "राहा," त्या म्हणाल्या. "तुम्हाला कायमचं ठेवून घेणारी मीच निघाले म्हणायची!" बाईने आयुष्यभर हे वाक्य मला ऐकवलं. मामी गेल्या, सासूबाई गेल्या, हेही गेले. मी इथेच आहे, समोरच्या ओट्यावर. तुळस तेवढी कुंडीत घालून अलीकडे आणली.

परवा राजगोपालनची नात नमस्काराला आली. ती अमेरिकेला निघाली आहे. "पाटी," आजीला तमिळमध्ये पाटी म्हणतात, "तुम्हाला परदेशाचा अनुभव आहे. सांगा ना, कायमचं जाऊ, की थोड्या दिवसांसाठी? आणि प्रस्थान तुमच्याकडे ठेवलं तर चालेल? समोरच आहे, सोयीचं पडेल."

मी तिला आशीर्वाद दिला, हातावर साखर ठेवली आणि म्हटलं, "जा बाळ, हवी तशी जा. पण बोचकं दुसरीकडे कुठेतरी ठेव. या घरातलं बोचकं पुढे हलत नाही. माझंच अजून इथे पडलंय."